कितवी आलीस?

नाउरू हा देश बघायचा असेल तर फोनवर नकाशा उघडा, प्रशांत महासागरात जा आणि झूम करत राहा. बराच वेळ नुसतं निळंच दिसेल. मग एक ठिपका येईल, साधारण अंड्याच्या आकाराचा. तोच देश. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या दहा-बारा हजार. किनाऱ्याला धरून एक गोल रस्ता आहे, तो मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासात संपतो. अधिकृत राजधानी नाहीच. सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या भागात आहेत म्हणून लोक त्यालाच राजधानी म्हणतात.

आमच्या शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आहे. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, "नरसोबावाडीजवळचं का?" हो, तेच. त्या कुरुंदवाडची लोकसंख्या नाउरूच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि या दोन ठिकाणांचा एक संबंध आहे. दोन्हीकडची माणसं लोखंड उचलतात.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या चंद्रकांत माळीने ९४ किलो वजनगटात कांस्य मिळवलं. त्याच स्पर्धेत ७७ किलो गटाचं सुवर्ण नाउरूच्या युकिओ पीटरने नेलं. चार वर्षांनी ग्लासगोला कुरुंदवाडची दोन पदकं आली: गणेश माळी ५६ किलोत, ओंकार ओतारी ६९ किलोत, दोन्ही कांस्य. नाउरूचा इट्टे डेटेनामो सगळ्यात जड गटात रौप्य घेऊन गेला. एवढ्याशा गावाची पोरं आणि एवढ्याशा देशाची पोरं एकाच वॉर्म-अप हॉलमध्ये, एकाच डब्यातली पांढरी पावडर हाताला लावत असणार, हे चित्र मला फार आवडतं.

ग्लासगोच्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते आणि ५३ किलो गटात वजनं उचलत होते. आमच्या गावची व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची शेड. भिंतीवर मारुतीचा फोटो, शेजारी वर्तमानपत्रातली कात्रणं. कुरुंदवाडच्या पोरांची कात्रणं होतीच, पण त्यात एक छोटं, पिवळं पडलेलं कात्रण नाउरूचं होतं. आमच्या सरांनी ते का लावलं होतं ते त्यांनाच ठाऊक. कुणी कुरकुर केली, बार जुना आहे, मॅट फाटली आहे, खुराक परवडत नाही, की सर नुसते त्या कात्रणाकडे बोट दाखवायचे. आम्ही हसायचो. नाउरू हा शब्द आमच्यात थट्टेचा झाला होता. एखादी फारच हळू पळायला लागली की, "नाउरूला चाललीस का गं चालत?"

आता मी सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात एका कंपनीत लोकांच्या विम्याचे क्लेम तपासते आणि लोखंड उचलत नाही. गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. त्याची मुलगी, माझी मामेबहीण, बारावीत आहे आणि ४९ किलो गटात उचलते. मामा म्हणाला, "बाळ, तू जरा समजाव तिला. तुझं ऐकती ती. तुझं काय झालं ते सांग तिला."

तुझं काय झालं ते सांग. मी फोन ठेवला आणि हे वाक्य डोक्यातून जाईना. काय झालं माझं? सात वर्षं उचललं, राज्याच्या ज्युनिअर स्पर्धेत सहावी आले, त्यापुढं गेले नाही. मामाच्या डोक्यात ही गोष्ट म्हणजे बसस्टँडवर लावतात तसला 'सावधान' असा फलक होती. म्हणून मी नाउरूबद्दल वाचायला लागले, जो देश ऑलिंपिकला आठ वेळा गेला आणि आठही वेळा रिकाम्या हाताने परत आला. त्यांना कुणी विचारत असेल का, तुमचं काय झालं?

---

नाउरूची गोष्ट खतापासून सुरू होते. हे आमच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला लगेच कळेल. पोत्यावर जे स्फुरद लिहिलेलं असतं, ते या बेटावर जमिनीतच होतं, उत्तम प्रतीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परक्या कंपनीने ते खणायला घेतलं. बेट आधी जर्मनांचं होतं, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने घेतलं. खत मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पडलं. बेटाचा मधला भाग आता चुनखडीच्या सुळक्यांचं रान आहे, तिथं शेत नाही, घर नाही, खेळायला मैदान तर नाहीच. माणसं राहतात ती किनाऱ्याच्या बारीक पट्टीवर. त्यांचा सर्वांत लाडका खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि त्याचं मुख्य मैदान आहे ते गवताचं नाही, फॉस्फेटच्या चुऱ्याचं.

पण मला थांबवलं ते एका आकड्याने. १९२० मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत बेटावरची खूप माणसं मेली. तेव्हा असं ठरलं की नाउरूवासीयांची संख्या १५०० च्या खाली राहिली तर हे लोक लोक म्हणून टिकणार नाहीत. मग ते मोजायला लागले. एकेक जन्म. २६ ऑक्टोबर १९३२ ला एक मुलगी जन्मली आणि संख्या १५०० झाली. त्या दिवसाला ते अंगाम म्हणतात, म्हणजे साधारण घरी परतणं. आजही तो सण आहे.

नंतर दुसरं महायुद्ध आलं. जपान्यांनी बेट घेतलं आणि १९४३ मध्ये १२०० नाउरूवासीयांना मजुरीसाठी ट्रुक बेटांवर नेलं. भूक, रोग, बाँब. ३१ जानेवारी १९४६ ला परत आले ते ७३७ जण. पुन्हा मोजणी शून्यापासून नाही, पण जवळपास तशीच. १९४९ मध्ये पुन्हा १५०० झाले, दुसरा अंगाम. १९६८ मध्ये स्वातंत्र्य घेताना त्यांनी तारीख निवडली ३१ जानेवारी, लोक परत आले तीच.

आपल्याकडे लोकसंख्या हा शब्द नेहमी 'वाढती' या विशेषणासोबत येतो. निबंधात, भाषणात, एस.टी.च्या गर्दीत. एक मूल जन्मलं म्हणून अख्ख्या देशाने सुटकेचा श्वास सोडला, हे मला आधी कळायलाच वेळ लागला. जिथं प्रत्येक डोकं मोजलं जातं तिथल्या माणसाने अंगावर देशाचं नाव लिहून प्लॅटफॉर्मवर उभं राहणं याचा अर्थ आपल्यासारखा नसणार.

स्वातंत्र्यानंतर खाणी त्यांच्या हातात आल्या आणि काही वर्षं नाउरू दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला गेला. मेलबर्नमध्ये स्वतःची उंच इमारत, स्वतःची विमान कंपनी. पैसा गेलाही तसाच. १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीवर एक संगीतनाटक आलं, त्यात नाउरूचा पैसा होता, आणि ते साफ पडलं. (उसाच्या बिलाचे पैसे सिनेमात घालून बसलेले आमच्याकडचे एक गृहस्थ मला आठवले. फरक इतकाच की त्यांच्यामागे संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची नव्हती.) इमारत विकली गेली, विमान जप्त झालं. आज मधुमेह आणि लठ्ठपणाच्या जगाच्या याद्यांत नाउरू वरच्या जागांवर असतो. हे सगळं सांगते कारण छोट्या देशाच्या गोष्टी सांगताना लोक त्याला गोंडस करून टाकतात. नाउरू गोंडस नाही. त्याला आधी खणलं गेलं आणि मग त्याने स्वतःलाही बरंच उधळलं.

---

या देशाला खेळाच्या नकाशावर आणलं एका माणसाने. मार्कस स्टीफन. जन्म १९६९, शाळा ऑस्ट्रेलियात, तिथेच वेटलिफ्टिंग लागलं. इटलीत जन्मलेला ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक पॉल कॉफा त्याच्यामागे उभा राहिला; पुढे पॅसिफिकच्या बेटांवरच्या कित्येक लिफ्टरांचा तो गुरू झाला. १९९० मध्ये ऑकलंडला नाउरू पहिल्यांदाच राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला आणि स्टीफनने ६० किलो गटात स्नॅचचं सुवर्ण घेतलं.

इथं एक नियम सांगायला हवा. वेटलिफ्टिंगमध्ये दोन उचली असतात. स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर. आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. प्रत्येकीला तीन संधी, आणि दोन्हीतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज. ऑलिंपिकला पदक फक्त बेरजेला मिळतं. पण १९९० ते २००२ या काळात राष्ट्रकुल स्पर्धेत स्नॅचला वेगळं, क्लीन अँड जर्कला वेगळं आणि बेरजेला वेगळं पदक होतं. म्हणजे एक माणूस एका दिवसात तीन पदकं घेऊ शकत होता. स्टीफनने १९९४ ला व्हिक्टोरियात तीन सुवर्णं घेतली, १९९८ ला क्वालालंपूरला पुन्हा तीन. चार राष्ट्रकुल स्पर्धांत मिळून बारा पदकं, त्यात सात सुवर्णं.

पण ऑलिंपिकचं दार बंद होतं. ऑलिंपिकला खेळाडू जात नाही, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती जाते, आणि नाउरूला ती नव्हती. म्हणून १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला स्टीफन सामोआचं नागरिकत्व घेऊन सामोआच्या नावाने उतरला. बार्सिलोनाच्या यादीत त्याच्या नावापुढे दुसऱ्याच देशाचं नाव आहे. स्वतःच्या देशासाठी दोन वर्षांपूर्वी सुवर्ण घेतलेला माणूस. १९९४ मध्ये नाउरूच्या समितीला मान्यता मिळाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला तीन जणांचा नाउरू संघ गेला: स्टीफन, क्विन्सी डेटेनामो, जेरार्ड गाराब्वान. तिघेही वेटलिफ्टर.

अटलांटा आपल्यालाही आठवतं, वेगळ्या कारणाने. लिअँडर पेसचं कांस्य. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणल्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली होती. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. लोकांनी वर्गणी काढून पाठवलेले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं की वर्गणी म्हणजे प्रेम. पुढे राज्य स्पर्धेला जायला मला स्वतःला वर्गणी मागावी लागली. अकरा रुपये देणारा माणूस अकरा हजारांचे प्रश्न विचारतो. तेव्हा वाटलं की खाशाबांना हेलसिंकीत गादीवर उतरण्याआधीच किती जणांशी झुंजावं लागलं असेल.

भारतासारखा अवाढव्य देश चव्वेचाळीस वर्षं एका पदकासाठी ताटकळला, हे आपण 'व्यवस्थेचं अपयश' म्हणून सांगतो. नाउरूने तसं म्हणायचं ठरवलं तर त्यांना म्हणायला व्यवस्थासुद्धा नव्हती.

---

मग त्यांनी वेटलिफ्टिंगच का धरलं? सरळ कारण आहे. अकरा जणांचा संघ लागत नाही, मोठं मैदान लागत नाही. एक बार, प्लेटा, लाकडी प्लॅटफॉर्म आणि छप्पर. तुमच्या वजनाचीच माणसं तुमच्यासमोर. जमीनच नसलेल्या देशाला चार मीटर बाय चार मीटरची जागा पुरते असा हा खेळ आहे. आमच्या गावात तरी दुसरं काय कारण होतं? ग्राउंड होतं, पण त्यावर ऑक्टोबरपासून उसाच्या गाड्या लागायच्या.

२००२ साली मँचेस्टरला नाउरूने कमाल केली. पंधरा पदकं. दोन सुवर्ण, पाच रौप्य, आठ कांस्य. सगळी वेटलिफ्टिंगमध्ये. त्या वर्षी राष्ट्रकुलमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा आलं आणि रिआना सोलोमन सर्वांत जड गटात सुवर्ण जिंकणारी नाउरूची पहिली स्त्री ठरली. बत्तीस वर्षांच्या स्टीफनने त्याची शेवटची तीन पदकं घेतली, तिन्ही रौप्य.

त्यानंतर नियम बदलला, पदक फक्त बेरजेला राहिलं, आणि नाउरूची यादी आकसली. लोक आलेख काढून म्हणतील की त्यांचा खेळ घसरला. निम्मं कारण तर नियमपुस्तकात आहे.

नियमपुस्तक काय करतं ते मला चांगलं माहीत आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वजनगट बदलले. माझा ५३ किलोचा गट गेला. एकतर ४९ ला उतरा नाहीतर ५५ ला चढा. मी ५५ ला गेले. वजन देताना काट्यावर मी ५३.४ आणि बाकीच्या ५४.९. दीड किलोचा फरक म्हणजे काय असं वाटेल. त्या दीड किलोत मांडी असते. शिवाय आमच्याकडे निवडीची यादी कधी लागते, कुठं लागते, आधी कुणाला कळते, हाही एक खेळ होता आणि त्यात मला एकही संधी मिळाली नाही.

माझी सर्वोत्तम स्पर्धा त्याआधीची, ५३ किलोतली. स्नॅच ५७, क्लीन अँड जर्क ७२. शेवटच्या उचलीला तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. बेरीज १२९. सहावी. रात्रीच्या पॅसेंजरने, जनरलच्या डब्यात दाराशी बसून घरी आले. गल्लीतल्या प्रत्येकाने विचारलं, "पदक?" मी मान हलवली की त्यांचा चेहरा असा व्हायचा जसं मी काहीतरी हरवून आले आहे आणि ते त्यांचंच होतं. फक्त आजीने वेगळं विचारलं.

"कितवी आलीस?"

"सहावी."

"किती जणी हुत्या?"

"अकरा."

आजीने बोटांवर हिशेब केला. "मग निम्म्या मागंच की गं."

ती शाळेत गेलेली नव्हती. पण मोजायची कशी ते तिला कळत होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या. व्यायामशाळेच्या शेडमध्ये छातीएवढं पाणी आठवडाभर होतं. पाणी उतरल्यावर गेलो तर मारुतीचा फोटो वर होता म्हणून वाचला, कात्रणं लगदा झाली होती, नाउरूसकट. प्लेटांना काय होत नाही. पण चांगल्या बारच्या टोकांना बेअरिंग असतात, प्लेटा फिराव्यात म्हणून. त्यात गाळ बसला आणि ते जाम झाले. बार फिरत नसेल तर स्नॅचमध्ये मनगट फिरतं. सरांनी रॉकेलने धुऊन बघितलं, ग्रीस घालून बघितलं. नवा बार यायला आठ महिने लागले. तोवर माझी पदवी झाली होती आणि पुण्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. मी वेटलिफ्टिंग सोडलं असं मी कधी ठरवलं नाही. फक्त एका सोमवारी मी तिथं नव्हते.

मार्कस स्टीफन निवृत्त झाल्यावर राजकारणात गेला आणि २००७ ते २०११ नाउरूचा राष्ट्राध्यक्ष होता. जगात वेटलिफ्टिंगच्या रौप्यपदकासह (१९९९ ची अथेन्सची जागतिक स्पर्धा, क्लीन अँड जर्क) राष्ट्राध्यक्ष झालेली माणसं फार नसावीत. २०११ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हवामानबदलावर बोलला. मोठ्या देशांच्या प्रतिनिधींपुढे, बेटं बुडताहेत हे सांगायला. पुराचा गाळ लागलेला बार हातात धरलेल्या माणसाला ते भाषण परकं वाटत नाही, एवढंच म्हणते.

---

ऑलिंपिकचं दार उघडलं खरं, पण पदक आलं नाही. अटलांटानंतर सिडनीला स्टीफन आणि शीवा पेओ, तिथं जाणारी नाउरूची पहिली स्त्री. अथेन्सच्या संघात युकिओ पीटर आणि इट्टे डेटेनामो होते. बीजिंगला एकटा इट्टे. लंडनला पुन्हा इट्टे, सोबत ज्युडोचा स्लेड डोवाबोबो. रिओला एल्सन ब्रेश्टेफेल्ड आणि ज्युडोचा ओव्हिनी उएरा. टोकियोला नॅन्सी अबूके वेटलिफ्टिंगला आणि जोना हॅरिस शंभर मीटरला. पॅरिसला एकटा विन्झार काकिओउएआ, शंभर मीटर. आठ ऑलिंपिक, मोजकी माणसं. आमच्या गावच्या मुक्कामी एस.टी.त मागच्या तीन बाकांवर बसतील.

वेटलिफ्टरांच्या देशातून पॅरिसला एक धावपटू का गेला? पुन्हा नियमपुस्तक. डोपिंगच्या प्रकरणांनी बदनाम झालेल्या वेटलिफ्टिंगच्या जागा ऑलिंपिकमध्ये कापल्या गेल्या. रिओला २६० लिफ्टर होते, टोकियोला १९६, पॅरिसला १२०. पुरुषांचे पाच गट, महिलांचे पाच. गुन्हा केला मोठ्या, बलाढ्य संघांनी, आणि जागा गेल्या त्यांच्याही ज्यांच्याकडे वर जायला तेवढी एकच शिडी होती. अॅथलेटिक्समध्ये मात्र अजून एक सोय आहे: ज्या देशाचा कुणीच पात्र ठरला नाही त्यालाही एक खेळाडू पाठवता येतो. अशा बऱ्याच देशांचे धावपटू शंभर मीटरच्या मुख्य फेऱ्यांआधीच्या प्राथमिक फेरीत पळतात. टीव्हीवर ती शर्यत फारसं कुणी बघत नाही. हॅरिस आणि काकिओउएआ दोघेही तिथं पळाले, दोघांची वेळ अकरा सेकंदांच्या वर. पुढच्या फेरीत कुणीच गेला नाही.

अकरा सेकंद. नाउरूहून निघायचं, दोन-तीन विमानं बदलायची, नदीतून किंवा मैदानातून झेंडा घेऊन जायचं, आणि अकरा सेकंद. हे ऐकून माझ्या ऑफिसमधला एक जण म्हणाला, "मग जायचंच कशाला?" त्याचा प्रश्न खवचट नव्हता. मी त्याला अंगामची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, पण त्याला संबंध लागला नाही, आणि मला लावून देता आला नाही.

माणसं निघूनही जातात. करिश्मा अमो-टॅरंटने २०१८ ला गोल्ड कोस्टला नाउरूसाठी रौप्य घेतलं. टोकियो ऑलिंपिकला ती ऑस्ट्रेलियाकडून उतरली. मला तिचा राग येत नाही. आमच्या शेडमधल्या चांगल्या पोरी कुणी रेल्वेत, कुणी पोलिसांत, जिथं नोकरी मिळेल त्या संघाकडून उचलतात आणि जर्सीवर आमच्या गावचं नाव कुठंच नसतं. दहा हजारांच्या देशातून एक गेली की मात्र मोजताना लगेच कळतं.

२०२२ मध्ये रिआना सोलोमन कोविडने गेली, जेमतेम चाळिशीत. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला नाउरूच्या मॅक्सिमिना उएपाने ७६ किलो गटात कांस्य घेतलं. आणि त्याच स्पर्धेत आमच्या शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने, ज्याच्या वडिलांची पानाची टपरी होती, ५५ किलोत रौप्य घेतलं. २४८ किलो, सुवर्णवाल्याचे २४९. त्या दिवशी मामाने मला व्हिडिओ पाठवला होता, खाली तीन झेंडे. आता तोच मामा म्हणतोय की समजाव.

त्याचंही चुकत नाही. मी त्याला परत फोन केला आणि खरा हिशेब सांगितला. शूज साडेपाच हजार, आणि ते दर दोन वर्षांनी. अंडी, दूध, शेंगदाणे, महिन्याला किमान तीन-चार हजार. मनगट थंडीत दुखतं, अजून दुखतं. खेळाच्या कोट्यातली नोकरी मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या तिघींत येण्याची शक्यता कमी आहे, मी तिची उचल बघितली आहे, दुसऱ्या ओढीत तिची पाठ वाकते. मामा हं हं करत होता.

"आणि मामा," मी म्हणाले, "माझं काय झालं असं विचारलंत ना. मी १२९ किलो उचललं. माझं वजन ५३ होतं."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "बारावी झाल्याशिवाय नाही," आणि फोन ठेवला.

रात्री बहिणीचा मेसेज आला. तिला वडिलांकडून काहीतरी कळलं होतं, पण त्याबद्दल ती बोलली नाही. तिने नॅन्सी अबूकेचा टोकियोचा व्हिडिओ शोधून काढला होता आणि ती खाली बसताना गुडघे कसे बाहेर काढते ते स्क्रीनशॉट काढून, लाल गोल करून पाठवलं होतं. मग विचारलं, दीदी, तुझे शूज पुरात गेले का? गेले नव्हते, आईने माळ्यावर टाकले होते. ती म्हणाली, एक नंबर मोठे होतील, पण दोन मोजे घालते.